चौथा पेड

१

टिफनी सापडली तेव्हा तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. नारिंगी फ्रॉक जसाच्या तसा होता, पायांत बूट होते, गळ्यातली क्रूसाची बारीक साखळीही जागच्या जागी होती. वसई गावच्या बाजारात वीस मिनिटं हरवलेली ही पाच वर्षांची पोर जिथे हरवली, बरोबर तिथेच उभी होती. फरक पडला होता तो एवढाच, की घरून मोकळ्या केसांनी निघालेल्या पोरीच्या डोक्याला कुणीतरी तेल लावलं होतं, भांग पाडला होता, घट्ट वेणी घातली होती आणि वर अबोलीचा गजरा माळला होता.

आधी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या बापानं, एरॉलनं, ती वेणी हातात घेतली आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

वेणी तीन पेडांची नव्हती, चार पेडांची होती. त्यातले तीन पेड पोरीचे स्वतःचे, मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पिवळे. चौथा पेड पांढरा होता. कुणातरी म्हातारीचे केस पोरीच्या केसांत वरपासून खालपर्यंत गुंफले होते.

ही हकिगत प्रल्हाद तेंडोलकरांच्या कानावर आली ती शनिवारी दुपारी, अर्ध्या जेवणावर. १९९९ सालचा डिसेंबर होता, नाताळ आठवड्यावर आला होता. तेंडोलकर मूळचे कोकणातले, मुंबईच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं हस्ताक्षरं तपासून निवृत्त झालेले. मृत्युपत्रावरची सही खरी की खोटी, निनावी पत्र कुणी लिहिलं, हे भिंगातून बघून सांगायचं आणि कोर्टात उलटतपासणी सोसायची, यात त्यांचा जन्म गेला. आता वसईजवळ उमेळ्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ते स्वस्थ बसले होते. निदान त्यांची तशी इच्छा होती.

समोर उभा होता भुईगावचा रॉबर्ट मास्तर. त्याच्या शाळेतल्या एका दाखल्यावरची खोटी सही मागच्या वर्षी तेंडोलकरांनी ओळखून दिली होती, तेवढीच काय ती ओळख. एरॉल त्याचा धाकटा भाऊ. कॅनडात स्थायिक झालेला, सात वर्षांनी बायकोपोरीला घेऊन घरी आलेला.

"आमच्याकडे चौपेडी वेणी घालणारी एकच बाई होती, साहेब. आमची आई, डेल्फिन," रॉबर्ट म्हणाला.

"मग जाऊन विचारा की तिला." तेंडोलकर ताक ओरपत होते.

"आईला जाऊन दोन वर्षं झाली."

तेंडोलकरांनी वाटी खाली ठेवली.

"लोकांनी बाजारात सुनंदाला धरलंय," रॉबर्ट घाईनं सांगू लागला. "मिठागराकडची विधवा बाई. भाजीच्या ओळीत फुलं विकते. अबोली तिच्या एकटीकडे असते, म्हणून तीच पोरं पळवणारी, असं म्हणून तिची टोपली उधळली. हवालदारानं मध्ये पडून चौकीत नेऊन बसवली म्हणून वाचली. ती तोंडातून ब्र काढत नाही. एरॉल पाच वाजता तक्रारीवर सही करणार आहे. सही झाली की तिला या तालुक्यात कुणी फूल विकू द्यायचं नाही, रस्त्यानं नीट चालूही द्यायचं नाही."

"तुम्हाला वाटतं तिनं केलं?"

रॉबर्टनं मान हलवली. "मला काय वाटतं ते सांगायला भीती वाटते, साहेब."

तेंडोलकरांनी हात धुतला आणि खुंटीवरचा शर्ट काढला. घड्याळात दीड वाजला होता.

२

भुईगावच्या गल्लीतून स्कूटर आत शिरली तशी दोन्हीकडच्या केळींनी ऊन अडवलं. घराच्या ओटीवर शेजारपाजार जमला होता, पण एवढी माणसं असून आवाज नव्हता. सगळी कुजबुजत होती. एक बाई दुसरीला सांगत होती, वेणी कापायची आणि समुद्राकडे तोंड करून जाळायची, मागे वळून बघायचं नाही. दुसरी क्रूसाची खूण करत होती. आतल्या टेबलावर कात्री तयार ठेवली होती.

टिफनी खुर्चीत बसली होती. वेणीचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं आणि कुणी जवळ आलं की ती मूठ पोटाशी न्यायची.

"ती काढूच देत नाही," कॅथरिन म्हणाली. एरॉलची ही बायको तिकडचीच, कॅनडातली. तिचं इंग्रजी तेंडोलकरांना निम्मं शब्दांतून कळलं आणि निम्मं हातवाऱ्यांतून. जिथे जाऊ तिथला बाजार पोरीला दाखवायचा, हा तिचा नेम. बँकॉकला दाखवला होता, कैरोला दाखवला होता. देवळं आणि राजवाडे पोरं विसरतात, बाजार विसरत नाहीत, असं तिचं म्हणणं. बेसावधही नव्हती बिचारी. गर्दीत लांबून दिसावी म्हणून पोरीला भडक फ्रॉक घालायची. हरवलीस तर रडायचं नाही, पळायचं नाही, आम्ही येईपर्यंत जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, हे तिच्याकडून घोटून घेतलेलं. शिवाय प्रत्येक देशात तिथल्या भाषेतलं एक वाक्य पाठ करून घ्यायची.

"इथलं वाक्य म्हणून दाखव," तेंडोलकर पोरीला मोडक्या इंग्रजीत म्हणाले.

"एरॉलची पोरगी. घर भुईगाव," टिफनी एका दमात म्हणाली.

तेंडोलकरांनी खिशातून भिंग काढलं आणि लांबूनच वेणी बघू लागले. पोरीला भिंगाची गंमत वाटली, मग तिनं जवळ बघू दिलं. हातानं केलेलं काहीही असो, तेंडोलकर ते हस्ताक्षरासारखं वाचायचे. स्वयंपाकघरात दोरीची गाठ बघून मोलकरीण बदलली हे त्यांनी एकदा बायकोच्या आधी ओळखलं होतं. वेणीत पेड किती ओढायचा, कुठे सैल सोडायचा, हेही हातच ठरवतो आणि हाताला आपली खोड लपवता येत नाही.

पहिला वळसा सैल होता, कापऱ्या हाताचा. दुसरा इतका घट्ट की केस तटतटले होते. तिसरा उलट्या बाजूनं आलेला, म्हणजे डावखुऱ्या हाताचा. चौथा, पाचवा, सहावा, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सहाव्यानंतर आणखी एका वळशापुरते केस मोकळे सोडले होते आणि त्यांच्या वर केळीच्या सोपटाच्या दोऱ्याची नुसती सुरगाठ मारली होती. ओढली की सुटेल अशी.

तेंडोलकरांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा पाहिलं.

"ही वेणी एका बाईनं घातलेली नाही," ते म्हणाले. "सहा जणींनी घातलीय."

ओटीवरच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. सहा बाया पोरीला घेऊन बसतात आणि भर बाजारात कुणाला दिसत नाहीत, हे काय प्रकरण आहे, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता.

तेंडोलकर उकिडवे बसले. "तुला कुठे नेलं होतं, बाळ?"

"पांढऱ्या घरात," टिफनी म्हणाली. "काळोख होता. घराला डोळे होते. खूप बारीक बारीक. चमकत होते."

"घरात कोण होतं?"

"बायका. आणि ग्रॅनी."

रॉबर्टनं भिंतीवरचा आईचा फोटो काढून पोरीपुढे धरला. टिफनीनं फोटो नीट पाहिला आणि नकाराची मान हलवली.

"अशी नाही. ग्रॅनी एवढीशी होती." तिनं दोन तळहात वीतभर अंतरावर धरले. "ती टोपलीखाली होती."

ओटीवर कुणीतरी मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागलं.

३

रॉबर्टला घेऊन तेंडोलकर मागच्या वाडीत गेले. तिथे बावखल होतं, वाडीला पाणी देणारं जुनं तळं. पाण्यावर हिरवं शेवाळ होतं आणि पलीकडून समुद्राचा आवाज येत होता.

"यांनी बाजारात जाऊ नये असं तुमच्या मनात होतं," तेंडोलकर म्हणाले. "कॅथरिन म्हणाली. सकाळी तुम्ही तीनदा आडवे आलात."

"आलो. आईनं चाळीस वर्षं त्या ओळीत भाजी विकली. आम्ही दोघं भाऊ तिथेच वाढलो, तिच्या टोपल्यांच्या मागे. आम्हीच काय, गावातली कुणीही बाई बाजारहाटाला आली की पोर त्या ओळीत उभं करायची आणि निर्धास्त जायची. विचारायचंही नाही, सांगायचंही नाही. परत येईपर्यंत पोराचे नाक-डोळे पुसलेले असायचे आणि हातात गाजर असायचं." रॉबर्टनं पाण्यात खडा टाकला. "आईच्या मयताला एरॉल आला नाही. तिकीट मिळालं नाही म्हणाला. त्या बायका विचारणार, तेव्हा हा काय तोंड दाखवणार?"

"का त्याला धडा शिकवायचा होता? मेलेल्या आईचे केस पोरीच्या डोक्यात सापडले तर माणूस जन्मभर विसरत नाही. घरात आईची ट्रंक असेल, ट्रंकेत कंगवा असेल, तुम्ही थोरले आहात."

रॉबर्टचे डोळे भरले. तो रागावला होता आणि रडूही येत होतं. "साहेब, शेवटच्या आजारात आईचे केस मूठमूठ गेले. शवपेटीत तिच्या डोक्याला रुमाल बांधला, मी बांधला. दुपारी मी ट्रंक उपसली, देवाशपथ. तिच्या केसांची एक बट या घरात नाही. मग हे केस आले कुठून?"

तेंडोलकरांनी त्याचा चेहरा नीट पाहिला. हा माणूस खरं बोलत होता, आणि त्यामुळेच त्यांच्या मानेवर काटा आला. गेलेले केस कुठेतरी दोन वर्षं वाट बघत होते.

घरात येऊन त्यांनी एरॉलला विचारलं, "पोर हरवली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"भाजीच्या ओळीजवळ. केळी बघत होतो," एरॉल म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "मला वाटलं ती कॅथरिनजवळ आहे. कॅथरिनला वाटलं माझ्याजवळ."

"मग शोधलं कुठे?"

"त्यानं मला मासळीच्या बाजूला नेलं, मग रस्त्यावर, मग एसटीपर्यंत," कॅथरिन म्हणाली. "भाजीच्या ओळीत आम्ही शेवटी गेलो. गर्दी घेऊन."

तेंडोलकरांची नजर जमिनीकडे गेली. दारात एरॉलचे पांढरे कॅनव्हासचे बूट काढून ठेवले होते. ते घोट्यापर्यंत तपकिरी पाण्यानं भिजले होते आणि डाव्या बुटाच्या नाडीला मासळीचे खवले चिकटून वाळले होते. एका बाजूच्या खवल्यांवर दुसरं चिखलपाणी चढलं होतं, म्हणजे हे बूट मासळीबाजारात एकदा नाही, दोनदा गेले होते. केळी बघणारा माणूस पोर हरवायच्या आधीच मासळीच्या टोकाला जाऊन आला होता.

बाप खोटं बोलत होता, आणि अडीच वाजले होते.

४

दुपारच्या वेळी बाजार अर्धा मिटलेला असतो. माश्या आणि कुत्री सोडली तर कुणाला घाई नसते. भाजीच्या ओळीत पाच बाया बसल्या होत्या. सहाव्या जागी अबोलीची फुलं तुडवलेली पडली होती, ती कुणी उचलली नव्हती. आणि ओळीच्या मधोमध एक जागा मोकळी होती. तिथे एक मोठी टोपली उपडी ठेवली होती.

"ही जागा कुणाची?" तेंडोलकरांनी विचारलं.

पाचही बाया आपापल्या भाजीवर पाणी शिंपडू लागल्या.

कोपऱ्यावर जयराम बसला होता, केसांवर भांडी देणारा. विंचरताना गळालेले केस बाया गुंडाळी करून जमवतात, तो ते घेतो आणि बदल्यात वाटी-पातेलं देतो. त्याच्या पाठीशी केसांचं पोतं होतं. लोकांनी सकाळी त्याला कसं सोडलं याचं तेंडोलकरांना नवल वाटलं.

"पांढरे केस होते म्हणून माझ्याकडं पन आले होते, साहेब," जयराम म्हणाला. "पोतं उलटं केलं माझं. पन तसले लांब, जपून ठेवलेले पांढरे केस माझ्याकडं नाय. लोक देतात ते गुंतवळ."

"या ओळीतल्या बाया देतात?"

"समद्या देतात. एक डेल्फिनमावशी सोडून. आजारी पडल्यावर तिचे केस लई गळायचे. मी म्हटलं, मावशी, द्या की, दोन पातेली घ्या. तर म्हणाली, नाय बाबा, हे मी कुनासाठी तरी जमवतेय."

"कुणासाठी?"

"ते मना काय म्हाईत? ती बाई पातेल्याला भुलनारी नव्हती."

तेंडोलकर ओळीकडे परतले. ओळीच्या मागच्या बाजूला खताच्या पांढऱ्या गोण्या शिवून केलेलं आडोशाचं कापड लावलं होतं, आणि त्याच कापडाची एक घडी वरूनही टाकलेली. ते कापड बाजूला सारून आत शिरले आणि जागीच थबकले. आत काळोख होता. सुईच्या टोकाएवढ्या शेकडो भोकांतून ऊन येत होतं आणि चारी बाजूंनी बारीक बारीक डोळे त्यांच्याकडे बघत होते. साठी उलटलेला माणूस, पण त्यांना क्षणभर घाम फुटला. हे होतं पांढरं घर. पोर दहा पावलांपलीकडे गेलीच नव्हती.

ते बाहेर आले आणि चक्क भाजी घ्यायला लागले. पहिलीकडे मुळा, दुसरीकडे वाल, तिसरीकडे माठ. भाजी तोलायला एकेक बाई पुढे वाकत होती आणि पदर डोक्यावरून जरासा सरकत होता. पहिलीचा अंबाडा दिसला. दुसरीचा दिसला. पाचवीकडे लिंबं घेईपर्यंत तेंडोलकरांची खात्री पटली होती. पाचही अंबाड्यांत गुंडाळलेली वेणी चौपेडी होती.

गेलेल्या बाईची वेणी अख्ख्या ओळीच्या डोक्यावर होती, पदराखाली झाकलेली.

"मावशी," ते पाचवीला म्हणाले, "सुनंदा चौकीत बसलीय. पाच वाजता तिच्यावर सही होणार. तुम्ही काही बोलत नाही?"

म्हातारीचे ओठ हलले, पण शेजारणीकडे बघून तिनं ते पुन्हा मिटले. भीती तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती, आणि ती पोलिसांची भीती नव्हती.

तेंडोलकरांनी वाकून उपड्या टोपलीची कड धरली. ओळीतून एक बारीक "नको" आलं. त्यांनी टोपली उचलली.

खाली पांढऱ्या रुमालाची घडी होती, मधे लांबट खळगा पडलेली, जणू तिथे काहीतरी वीतभर खूप दिवस निजून होतं. शेजारी लाकडी फणी होती. फणीच्या दातांत दोन पिवळे केस अडकले होते.

साडेचार वाजले होते. तेंडोलकर पिशवीतली भाजी सांभाळत चौकीकडे जवळजवळ पळत सुटले.

५

चौकीत एरॉलनं पेन हातात घेतलं होतं. कॅथरिन पोरीला घेऊन बाकावर बसली होती, रॉबर्ट दारात उभा होता. कोपऱ्यात जमिनीवर सुनंदा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिच्या चोळीची बाही फाटली होती.

"सही करण्याआधी एक सांगा," तेंडोलकर धापा टाकत म्हणाले. "पोर हरवायच्या आधी तुम्ही मासळीच्या बाजूला का गेलात? तुमचे बूट दोनदा भिजलेत."

एरॉलचं पेन थांबलं.

"मी सांगतो. तुम्ही आधी भाजीच्या ओळीपर्यंत गेलात, पोर तुमच्या मागे होती. तुम्ही आईची जागा पाहिली, आणि तोंड फिरवून निघून गेलात."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"टोपली उपडी होती," एरॉल शेवटी म्हणाला. "मला वाटलं होतं तिथे दुसरं कुणीतरी बसलं असेल. त्यांनी जागा ठेवली होती. माझ्या आईची जागा त्यांनी ठेवली आणि मी तिच्या मयतालासुद्धा आलो नाही. मला एक पाऊल पुढे टाकवलं नाही. तिकीट मिळत होतं, रॉबर्ट. मी नाही आलो. मला बघवलं नसतं." त्यानं कॅथरिनकडे पाहिलं. "आणि पोर हरवल्यावरही मी कॅथरिनला त्या ओळीपासून लांब लांब नेत राहिलो."

"म्हणून तुमच्या हाका वीस मिनिटं तिथे पोचल्या नाहीत," तेंडोलकर म्हणाले. "आता त्या बायांना काय दिसलं ते बघा. सात वर्षांनी एरॉल आला. आईच्या जागेकडे टक लावून पाहिलं. पोरगी तिथे राहिली आणि हा पाठ फिरवून गेला. हरवलेलं पोर काय करतं?"

"रडतं," कोपऱ्यातून सुनंदा म्हणाली. सकाळपासूनचा तिचा हा पहिला शब्द होता. "हरवलेलं पोर रडतं, पलतं. ही रडली नाय, हलली नाय. जागेपुढं उभी ती उभीच. कोनाची गं तू म्हटलं, तर म्हनली एरॉलची पोरगी, घर भुईगाव."

"कारण तिच्या आईनं तिला तेच शिकवलं होतं," तेंडोलकर म्हणाले. "परदेशी बाजारात हरवलीस तर अशी उभी राहा. आणि आपल्या बाजारात तसं उभं राहिलेलं पोर म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेलं पोर. यांनी ठेवून घेतलं. भाजीजवळ केस विंचरायचे नाहीत म्हणून आडोशाला नेलं. बाहेर सगळे नारिंगी फ्रॉक शोधत होते आणि तो गोणीच्या कापडामागे होता."

"पण ते केस?" रॉबर्टनं विचारलं.

सुनंदानं डोकं वर केलं. "डेल्फिनबाईचेच. तिनंच जमवले, धुवून, सरल करून. नातीची पयली चौपेडी मी घालनार म्हनायची. दर शनिवारी रस्त्याकडं बघायची. मंग हाताला बल राहिलं नाय तवा रुमालात बांधून माज्या हाती दिले. म्हनली, मी नसले तर माजा एक पेड तिच्या वेनीत घाला. वेनी आमाला समद्यांना तिनंच शिकवलेली. म्हनून समद्यांनी एकेक वलसा घातला. टोपली उचलून पोरीला म्हटलं, ही बघ तुजी ग्रॅनी."

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंस?" हवालदार न राहवून म्हणाला.

"काय सांगू? लोक मारायला आलेले. मेलेल्या बाईचे केस जित्या पोरीच्या डोक्यात घातले, असं सांगितलं असतं तर पोरं पलवनारी नाय, करनीवाली म्हनून ठेचली असती. मना एकटीला नाय, साही जनींना."

एरॉल तिच्याकडे बघत होता. त्याला पटावं असं वाटत होतं आणि अजून पटत नव्हतं. तेंडोलकरांनी टिफनीच्या पाठीवरची वेणी हळूच पुढे आणली.

"पुरावा इथे आहे. सहा हातांचे सहा वळसे, आणि सातव्यापुरते केस मोकळे. वर सुरगाठ. एकतीस वर्षं मी गुन्हेगारांची अक्षरं वाचली. पोर पळवणारा माणूस वेणीत कुणासाठी जागा सोडत नाही." ते सुनंदाकडे वळले. "ती जागा कुणाची?"

"त्याची," सुनंदा एरॉलकडे बोट करून म्हणाली. "आम्ही वाट बघत होतो. तो आलाच नाय, गर्दी आली."

तेंडोलकरांनी हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत कॅथरिनला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती म्हणाली, "ती वीस मिनिटं मी मेले होते. ती मला कुणी परत देणार नाही." ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, सुनंदाकडे नाही. मग उठली, टेबलावरचा तक्रारीचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि जमिनीवर बसलेल्या सुनंदाला हात देऊन उभं केलं.

"एक वळसा राहिलाय ना?" तिनं विचारलं.

६

ऊन कलताना ती सगळी बाजारातून चालली तेव्हा दुकानदार दारात येऊन बघू लागले. ज्यांनी सकाळी टोपली उधळली होती तेही होते. सुनंदा मध्ये होती आणि कॅथरिननं तिचा हात सोडला नव्हता. दोघातिघांना आपल्या चपलांकडे बघायची फार गरज वाटली.

ओळीतल्या पाच बाया उभ्या राहिल्या. मघाची लिंबंवाली म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. तुडवलेली अबोली कुणीतरी आता गोळा करून ठेवली होती.

सुनंदानं उपडी टोपली उचलली, सुलटी केली आणि बाजूला ठेवली. "बस," ती एरॉलला म्हणाली.

एरॉल आईच्या जागेवर बसला. टिफनी त्याच्यापुढे पाठ करून उभी राहिली, अगदी सरळ, हात अंगाशी धरून. त्यानं सोपटाची सुरगाठ ओढली.

"येतं तुम्हाला?" तेंडोलकरांनी विचारलं.

"तिला मुलगी नव्हती," एरॉल म्हणाला. "दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिची वेणी मीच घालायचो."

त्यानं तीन पिवळे पेड वेगळे केले, चौथा पांढरा बोटांत घेतला आणि तसाच थांबला. पाठीमागच्या पांढऱ्या कापडातून ऊन येत होतं आणि त्याच्या हातांवर बारीक ठिपके पडले होते. मग बोटं आपोआप चालू लागली. तेंडोलकरांनी खिशातलं भिंग काढलं नाही. वळसा पुरा झाला, तो सातही वळशांत सगळ्यात हलका होता. एरॉलनं सोपट दोनदा गुंडाळलं आणि पक्की गाठ मारली.

टिफनी अजून हलली नव्हती. आईनं शिकवलं होतं, आम्ही येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

"आता हलू?" तिनं विचारलं.

"हल," एरॉल म्हणाला. त्याचा हात अजून त्या पांढऱ्या पेडावर होता. "मी आलो."